तारेच्या आत आलेलं मोहाचं झाड

जबाब
दिनांक ४ एप्रिल २०२४, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

नाव : श्रीमती इंदुमती गुणवंतराव कोत्तावार. वय : ६७ वर्षे. व्यवसाय : सेवानिवृत्त शिक्षिका. राहणार : लाकूड डेपोमागे, आलापल्ली, ता. अहेरी, जि. गडचिरोली.

कोणी बोलावलेलं नसताना मी आपण होऊन ठाण्यात आले आहे आणि समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती वन विभागात लेखापाल होते. सहा वर्षांपूर्वी ते वारले. आम्ही ही जागा जून १९८९ मध्ये विकत घेतली. वाडीत पेरू, लिंबू, कढीपत्ता आणि मी लावलेला पारिजातक आहे. पूर्वेच्या कोपऱ्यात मोहाचं मोठं झाड आहे. ते आम्ही येण्याच्या आधीपासूनचं आहे. पूर्वेला कलाबाई लालसू वेलादी हिचं घर. वय अंदाजे ६०. दोन्ही वाड्यांच्या मधे सीताफळाच्या झुडपांची एक ओळ होती, तीच आमची हद्द. तिच्यावरून पस्तीस वर्षांत कधी वाद झाला नाही.

या वर्षी फेब्रुवारीत माझा पुतण्या विक्की याने चंद्रपूरहून येऊन जागेची मोजणी करून घेतली. त्याला पूर्वेच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या काढायच्या आहेत. दिनांक २० फेब्रुवारी रोजी त्याने मोजणीच्या रेषेवर सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली. सीताफळाची ओळ तोडली. मोह तारेच्या आत आला.

१९ मार्चपासून कलाबाईच्या झाडाखाली फुलं पडू लागली. ती नेहमीप्रमाणे पहाटे पाचच्या सुमारास यायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सगळं दिसतं. तिने तार तोडलेली नाही. खालच्या दोन तारा ती खांबापासून सोडायची, वाकून आत यायची आणि जाताना त्या पुन्हा बांधून जायची. मी नंतर जाऊन पाहिलं. विक्कीच्या माणसाने बांधलेल्या तारा हाताने हलत होत्या. कलाबाईने बांधलेल्या हलत नव्हत्या.

तिच्या कामाबद्दल विचारलं म्हणून सांगते. संध्याकाळी ती खराट्याने झाडाखालची जमीन अंगणासारखी झाडून ठेवते. पाचोळा जाळत नाही, तो माझ्या लिंबाच्या आळ्यात टाकते. पहाटे उकिडवी बसून दोन्ही हातांनी एकेक फूल वेचते. तीन तास तिची पाठ सरळ होत नाही. पश्चिमेकडची फुलं ती उचलतच नाही, ती पाखरांसाठी आणि जनावरांसाठी ठेवते. गावाचा पंडुम, म्हणजे नव्या मोहाची पूजा, होईपर्यंत ती एकही फूल तोंडात घालत नाही. पंडुम झाला की पहिली टोपली माझ्या ओट्यावर येते. टोपलीवर पळसाचं पान झाकलेलं असतं. मी चंद्रपूरला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात वाढले. तिथल्या सिस्टर मंडळींनी आम्हाला नीटनेटकेपणा फार कडक शिकवला. तसा नीटनेटकेपणा मी नंतर फक्त या एका झाडाखाली पाहिला.

दिनांक २८ मार्च रोजी विक्की मुक्कामाला होता. सकाळी साडेसहाला तो ब्रश तोंडात घेऊन वाडीत गेला. दोघांचं बोलणं मी ऐकलं ते असं :

"ए बाई, तार काऊन सोडली? कोणाच्या घरात घुसून राह्यली?"

कलाबाईने वेचणं थांबवलं नाही. ती म्हणाली, "घरात नाई बापू. झाडाखाली आहो."

"झाड आमच्या जागेत आहे. कागद आहे माझ्याजवळ."

"मंग फुलाईले दाखव ना कागद. उद्यापासून पडू नका म्हनाव."

मला हसू आलं. विक्कीने ते पाहिलं.

त्याच दिवशी दुपारी त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. मी चिंच कोळत होते. चष्मा आतल्या कपाटावर होता. तो म्हणाला, "काकू, कुंपणाचा अर्ज आहे, सही करा." मी हात पुसून सही केली. अर्जावरची सही माझीच आहे, ती मी नाकारत नाही. वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी तेहतीस वर्षं मुलांना शिकवलं.

१ एप्रिल रोजी आपले हवालदार कलाबाईच्या दारात गेले. अर्जात तार तोडून चोरी असं लिहिलं आहे आणि अर्जदार मी आहे, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून कलाबाई झाडाखाली आली नाही. फुलं तीन दिवस जमिनीवर आहेत. वर्षाचं मीठ, तेल आणि लुगडं ती याच फुलांवर घेते. काल मी स्वतः वेचून पाहिलं. अर्ध्या तासात उठावं लागलं. टोपलीचा तळही झाकला नव्हता.

२ एप्रिल रोजी सायंकाळी मी तिच्या घरी गेले. तिने बाज टाकली, पाणी दिलं. मी म्हणाले, "कलाबाई, मी तुला इतकी वर्षं माझ्या झाडाची फुलं वेचू दिली. मी तुला चोर म्हणेन का?"

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "बाई, तुमी मले वेचू दिलं?"

"हो."

"मी तर समजत होतो, आमी तुमाले सावलीत बसू देऊन राह्यलो."

यानंतर तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते. मोहाच्या बुंध्याला छातीएवढ्या उंचीवर पळसाच्या मुळ्यांची दोरी बांधलेली असते. ती पूजेची दोरी नाही. हे झाड कोणत्या घरचं आहे, हे त्या दोरीवरून गावाला कळतं. ती तिचा सासरा लच्छू याने बांधली. दर पावसाळ्यानंतर तिच्या घरचं माणूस ती बदलतं. जमीन कोणाकडेही गेली तरी मोह त्या घराचा राहतो. १९८९ मध्ये जागा विकणारे पाटील आणि माझे पती झाडाखाली लच्छूसमोर बसले होते. जमीन आमची, झाड त्यांचं आणि पहिली टोपली आमच्या घरी, असा शब्द झाला होता. कागद केला नाही. कोणी मागितला नाही.

माझे पती मला म्हणाले होते, "झाड त्यांचं, सावली आपली." ते थट्टा करतात असं मी समजले. ती टोपली मला कलाबाईने मानलेले आभार वाटत होती. आणि ती दोरी पूजेची समजून मी चौतीस गुढीपाडव्यांना तिला हळदकुंकू वाहिलं आहे.

मी विचारलं, "मला कधी सांगितलं का नाहीस?"

कलाबाई म्हणाली, "तुमी इतक्या मनातून करत होत्या बाई. म्हनलं, करू द्या. झाडाले काय तरास आहे?"

काल मी विक्कीला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही भोळ्या आहात. उद्या ती अर्ध्या वाडीवर हक्क सांगेल." या पस्तीस वर्षांत तिने विचारल्याशिवाय माझ्या झाडाचं एक लिंबूही नेलेलं नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याने फोन ठेवला. जागा माझ्या नावावर आहे. पूर्वेला खोल्या होणार नाहीत.

आज सकाळी सात वाजता मी पक्कड घेऊन मोहासमोरच्या दोन खांबांमधल्या सर्व तारा काढल्या. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन न वाकता जाईल एवढी वाट झाली आहे. माझ्या उजव्या हातावर जो ओरखडा दिसतो तो तारेचा आहे, मला कोणी मारहाण केलेली नाही.

कलाबाई वेलादी हिने चोरी केलेली नाही. माझ्या सहीचा अर्ज खोटा आहे. तो मी परत घेते. त्याबद्दल जे काही होईल ते माझ्यावर व्हावं. तिला ठाण्यात बोलावू नये, आणि बोलवायचंच झालं तर फुलं संपल्यावर बोलवावं, ही विनंती.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर मी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला. फुलं पडू लागली त्या ओळीत "माझ्या झाडाखाली" असं लिहिलेलं होतं. चूक हवालदारांची नाही, सवयीने मीच तसं सांगितलं होतं. तो शब्द खोडून "कलाबाईच्या" असा लिहिला आहे आणि खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. आता सर्व मजकूर बरोबर आहे.

(सही)
इंदुमती गुणवंतराव कोत्तावार