अख्खा गर

(किल्ल्या बनवायचं छोटं दुकान. शटर अर्धं वर. गेलेल्या किल्लीवाल्याची बायको आणि तिचा धाकटा भाऊ सामान आवरताहेत.)

भाऊ : ...म्हणून सांगतो ताई, मानवजातीच्या इतिहासात हृदयाला एवढा सच्चा मित्र दुसरा मिळाला नाही. मॅकाडेमिया! परदेशी सुक्या मेव्याचा राजा!

ताई : नसेल मिळाला. तू आधी त्या मित्राच्या पोत्यावरून ऊठ. शिवण उसवतेय.

भाऊ : अरेच्चा! हे मी पाठवलेलंच पोतं? बघू... अगं, यात तर नुसती कवचं!

ताई : शेगडीत छान जळतात. म्हणून ठेवायचे हे.

भाऊ : म्हणजे भावोजींनी सगळे संपवले! वा! तुला खरं सांगू? आज जीव भांड्यात पडला.

ताई : तुझा जीव आणि भांडं, दोन्ही जरा बाजूला घे. मला त्या कानशी काढायच्यात.

भाऊ : थट्टा नको. त्यातली चरबी चांगल्या जातीची असते, ऑलिव्हच्या तेलात असते तशी. वाईट कोलेस्टेरॉलला जरा वेसण घालते. साखर नावाला, तंतू भरपूर. रोज मूठभर खावं. मुठीचा पसा झाला, की मात्र हृदय सुधारायच्या आधी पोट सुटतं.

ताई : आणि कुत्र्याला द्यायचं नाही.

भाऊ : मुळीच नाही! कुत्र्याला बाधतं. मागच्या पायांतलं बळच जातं बिचाऱ्याचं.

ताई : दर रविवारी फोनवर बजावायचास. आमच्याकडे कुत्रं नाही रे. नसलेल्या कुत्र्याची एवढी काळजी मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही.

भाऊ : बोल, बोल. तुझा हक्क आहे.

ताई : हक्क कसला? आवरायला हात कमी पडतात, म्हणून तोंड चालवते.

भाऊ : ताई... एक विचारू? रोज खाऊनसुद्धा भावोजी असे बसल्या बसल्या कसे गेले?

ताई : हे मला विचारतोस? इतिहास तुझा, मित्र तुझा.

भाऊ : मदत होते गं त्याने. हमी नसते. तेवढं मलाही कळतं. पण मनात एक धरून होतो... आपण जात नाही, पण पाठवतो तरी. त्यांच्या पोटात आपलं काहीतरी जातंय. तेवढ्यावर मी झोपत होतो.

ताई : स्टुलावर चढ.

भाऊ : आता?

ताई : वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढ. जपून, जड आहे.

भाऊ : कोऱ्या किल्ल्या का? ...नाही, वाजत नाहीत. झाकण घट्ट बसलंय... हं. अगं, हे काय?

ताई : तूच सांग. तज्ज्ञ तू.

भाऊ : सोललेले गर! काठोकाठ! आणि एकही फुटलेला नाही? अगं, हे कवच म्हणजे दगड असतो. हातोडी मारली तर गराचा भुगा होतो.

ताई : हातोडी कोण मारतंय? या व्हाइसच्या पकडीत धरायचे. मूठ हळूहळू फिरवायची आणि कान लावून बसायचं, कुलूप उघडताना बसायचे तसं. टक् झालं की हात थांबला. ‘अख्खा निघाला पाहिजे’ म्हणायचे. फुटका निघाला तर तो स्वतः खायचे.

भाऊ : म्हणजे खायचे तरी!

ताई : पहिल्या वर्षी पुष्कळ खाल्ले. पुढे हात बसला.

भाऊ : ...आणि खाणं बंद?

ताई : कारागीर माणूस. काय करणार?

भाऊ : पण मी कानीकपाळी ओरडत होतो! कवचात असतात तोवर टिकतात. फोडून असे ठेवले की खवट होतात. खायच्या वेळीच फोडा म्हणून!

ताई : पाठ होतं त्यांना ते.

भाऊ : मग?

ताई : म्हणायचे, ‘तुझा भाऊ येतो तो एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवूनच. त्याच्यासमोर फोडत बसलो तर पहिला गर निघेपर्यंत त्याची गाडी निघून जायची. त्यापेक्षा सोलून ठेवतो. आला की वाटी मधे ठेवू आणि निवांत बसू.’

भाऊ : माझ्यासाठी?

ताई : वास बदलला की सगळे टाकायचे आणि नवे सोलायला बसायचे. टाकायचे म्हणजे मागच्या मोकळ्या जागेत खड्डा करून पुरून यायचे. गल्लीतल्या कुत्र्यांच्या तोंडात पडायला नकोत, म्हणून. तुझं तेवढं एक मात्र तंतोतंत ऐकलं.

भाऊ : मला एकदा तरी म्हणायचं, ये म्हणून...

ताई : म्हणायचे की. तू सांगायचास, ‘पुढच्या महिन्यात नक्की, भावोजी. तोवर रोज मूठभर.’ फोन ठेवला की हे डब्यात डोकवायचे. पुढच्या महिन्यापर्यंत टिकतील का, बघायला.

भाऊ : थांब, खाली बसतो जरा. डबा राहू दे माझ्याकडे.

ताई : ते गेले त्या दिवशीही तू संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. मी काही बोलले नाही. डबा मात्र मला टाकवेना. अरे, अरे! तोंडात काय टाकलंस? खराब झालेत ते!

भाऊ : असू दे.

ताई : थुंक आधी! पोट बिघडेल. अजून एक कशाला?

भाऊ : अख्खा काढलाय ना त्यांनी. थुंकू कसा?

ताई : चांगला असला की असाच लागतो का रे?

भाऊ : काय माहीत. महाग म्हणून मी कधी घरात आणलेच नाहीत. सगळे इकडे पाठवायचो. आज पहिल्यांदाच खातोय.

ताई : ...सरक जरा. मलाही बसू दे. तुझी गाडी किती वाजता?

भाऊ : जाऊ दे गाडी. ताई, तेवढं घोटभर पाणी दे. घशात चिकटलंय.