आबांच्या फोनवरचा ओटीपी

जर्मनीत इतकी वर्षं काढली, पण मला खरं दमवलंय ते आपल्या राहू गावातल्या बँक खात्यानं. तिकडच्या टॅक्सवाल्यांना या खात्याचं स्टेटमेंट हवं होतं. माझं इथलं सिम कधीच बंद पडलं, त्यामुळं ओटीपी जातो वडिलांच्या मोबाइलवर. मी जर्मनीतून फोन लावला.

"आबा, मेसेज आला असंल. पटकन नंबर वाचा."

"वाचतो की. जेवलास का? थंडी लई हाय का तिकडं? हितं कांदा काढायला माणूस मिळंना बघ."

तेवढ्यात ओटीपीची वेळ संपली. पुन्हा मागवला, पुन्हा तेच. शेवटी मी वैतागलोच. "आबा, आधी नंबर सांगा, मग काय बोलायचं ते बोला!"

आबा म्हणाले, "नंबर सांगितला की तू फोन ठिवतोस."