तात्या-काकांच्या गोळ्यांची वाटणी

ज्याला आपण फार हुशार आहोत असं वाटतं, त्यानं एकदा माझ्या चुलत्यांना घेऊन दवाखान्यात जावं. शांतवनतात्या आणि दानियलकाका, दोघांचेही गुडघे गेलेले. कोपरगावात नव्या औषधाची चाचणी चालू होती, तिथं दोघांनी नाव घातलं.

डॉक्टरबाईंनी समजावलं, "काहींना खरं औषध मिळेल, काहींना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. कुणाला काय, हे तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही."

तात्या चक्रावले. "तुमी डॉक्टर असून तुमाला बी ठावं न्हाई?"

"खरं औषध कुणाला हे कळलं, तर त्याचाच गुडघा मला बरा दिसायला लागेल. म्हणून ते फक्त औषध कंपनीला ठाऊक, माझ्यापासूनही लपवलंय."

मला निम्मंच समजलं, पण मान मात्र मी पूर्ण हलवली.

पुढच्या तपासणीला बाईंनी विचारलं, "कुणाला किती आराम?"

"दोगांला बी सारखाच," काका म्हणाले.

"सारखाच कसा?"

"एकाला खरं अन् एकाला खोटं, हे भावाभावांत बरं दिसतं व्हय? दोनी डब्या एका ताटात वतल्या, कालवल्या अन् निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्या. पाटाचं पानी बी आमी असंच घेतो."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, आता कुणी काय खाल्लं, ते कंपनीलाही सांगता येणार नाही!"

तात्या गोंधळून कधी माझ्याकडं, कधी बाईंकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, कोनालाच कळू नये असं तुमीच म्हनला हुता ना? मग आता बिघडलं काय?"