माझ्या हातची पुसलेली भिंत

...हसा, हसा! तुमच्या घरी झालं असतं म्हणजे कळलं असतं! तिळाच्या निम्म्याएवढे तपकिरी किडे, रांगच्या रांग, संध्याकाळचे फिरायला निघाल्यासारखे भिंतीवरून... आणि भिंत कुणाची? माझ्या हातची पुसलेली हो! मुलाने नवी खोली बांधली, गिलावा अजून हाताला गार लागत होता, तेव्हापासून रोज बादलीभर पाणी घेऊन पुसतेय मी. शाळेचं तोंड पाहिलं नाही, वाचायला माझी मी शिकले, पण माझ्या घरात किडा? छट्!

तर तुम्हाला सांगते, नेमक्या त्याच आठवड्यात सुनेची आई, आमच्या विहीणबाई, डोळ्याचं ऑपरेशन करून त्या खोलीत राहायला आलेल्या. सोबत स्वतःची जुनी उशी. झालं! म्हटलं, "विहीणबाई, हे सगळं तुमच्या उशीतून आलंय." नुसतं म्हणून थांबले असते तरी एक वेळ... मी ती उशी अंगणात नेऊन आपटली, शेजारीण बघत असताना! त्या बिचाऱ्या, डोळ्याला पट्टी, उशी काखेत मारली नि निघून गेल्या. सुनेने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणंच टाकलं.

बरं, किडे गेले? कसले जातात! वाढले! मग मी दुपारीही पुसायला लागले, कपाटामागे तांब्याने पाणी मारलं... माझ्या हातची पुसलेली भिंत, आणि तिच्यावर बाजार भरलेला! शेवटी कंबर धरली, पडले अंथरुणावर. बादली बंद. आणि काय सांगू तुम्हाला... भिंत वाळली, किडे गायब!

सून औषध घेऊन आली, मोबाईलवरचं वाचून दाखवलं, "हे किडे बुरशी खातात, आई. बुरशी ओलीवर धरते." एवढंच. ओल कुणी केली, ते विचारलंसुद्धा नाही हो! विचारायचं तरी! माझ्या हातची पुसलेली भिंत... मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लावला फोन विहीणबाईंना. "चुकलं माझं. उशीत काही नव्हतं, माझ्याच..." तर त्या म्हणतात कशा, "अहो, ठाऊक होतं मला! भिंतीला टेकलं की पाठ भिजायची माझी. म्हटलं, घर तुमचं, हौस तुमची, कशाला बोला? येते हं रविवारी, डोळा तपासायचाय."

रागावल्याच नाहीत! चार शिव्या तरी द्यायच्या... भांडल्या असत्या, तर मी जिंकले तरी असते हो!