फ्रिजमधली बारकी किटली

हॅलो?… हां आक्का, बोल… बोल की, येतंय ऐकू… न्हाई, घरी न्हाई. फाट्यावर हाय, एसटीच्या शेडात… व्हय, प्रांजूच रडतीया. दुसरं कोण रडणार? तुझीच भाची हाय, आवाज लपतोय व्हय…

न्हाई गं, ताप न्हाई. पडली बी न्हाई. भूक लागलीया तिला… पाज म्हणजे? काय पाजू मी?… आक्का, हसू नगं. लय घोळ झालाय हितं.

तात्या? हायत की. हे काय, नातीला खांद्यावर घिऊन शेडात येरझाऱ्या घालाय लागल्यात. फौज सोडून इतकी वर्षं झाली, पर वळताना अजून टाच वाजती… न्हाई, फोन न्हाई देत. तुझा बाप आज कुणाशीच बोलत न्हाई.

संयोगिता ड्युटीवर. काल हजर झाली न्हवं… रजा संपली की. आज दुसरा दिस. कोरेगाव-कराड गाडी दिलीया तिला. आता तीच गाडी हितनं जाणार, तिचीच वाट बघतोय… अगं कंडक्टरनं ड्युटीवर फोन उचलायचा व्हय? दोनदा लावला, पिशवीत वाजत असंल.

सांगतो की. पयल्यापास्नं सांगू?… मग मधी बोलू नगंस.

तुला ते मशीन ठाव हाय न्हवं? दूध काढायचं… हां तेच, घुर्र घुर्र करतंय ते. रजा संपत आली तसं संयोगितानं आणलं. एक दिवस तात्यांनी भाईर बसून आवाज ऐकला, आईला विचारलं काय वाजतंय. आईनं सांगितलं. आक्का, ते कानापातूर तांबडं झालं. म्हणलं, असलं काय उघड्यावर ठिवू नगा. सुभेदाराच्या घरात सून दूध काढून डब्यात भरती, हे गावात कुणाला कळाय नगं… व्हय, असंच. तिची नोकरीच त्यांना कवा पटली न्हाई, तुला काय म्हाईत न्हाई का. लग्न ठरताना तिचा कंडक्टरचा बिल्ला बघून म्हणलं हुतं, लेकरू झाल्यावर बघू कसं करती.

मग तिनं काय केलं, भांडत बसली न्हाई. रात्री खोलीचं दार लावून दूध काढायचं, बारक्या स्टीलच्या किटलीत भरायचं आन् फ्रिजमधी दह्याच्या भांड्यामागं ठिवायचं. आई आन् मी सोडून कुणाला पत्ता न्हाई. माझी सेकंड शिफ्ट हाय न्हवं, सकाळच्याला मी घरीच. काल वाटी-चमच्यानं पाजलं की मीच… प्याली. पयल्यांदा माझ्याकडं अशी बघितली, जसं काय मी तिची फसवणूक करतोय. पर प्याली.

आता ऐक. काल सांजच्याला लाईट गेलती. दूध संस्थेतलं मशीन बंद. धनाजी म्हणला, फॅट लावल्याबिगर दूध घेणार न्हाई, सकाळी आणा. मग ज्यानं त्यानं आपापलं घरी नेलं. आपलं बी फ्रिजमधी ठिवलं, मोठ्या किटलीत… दोन लिटर सुद्धा न्हवतं, म्हैस आटत आलीया न्हवं, चंद्री, सांजच्यालाच तेवढी देती.

आज पयल्या गाडीनं आई गेली मलकापूरला, मावशीकडं. मी हुतो गोठ्यात. तात्यांनी फ्रिज उघडला, मोठी किटली काढली. आन् दह्यामागं दिसली बारकी…

व्हय.

व्हय आक्का. ओरडू नगं, कानाला दडा बसंल… ओतली. मोठ्या किटलीत ओतली. वाटलं, रात्रीचं उरलेलं आईनं बाजूला काढलंय. वर बारकी किटली घासून पुसून पालथी घातली कट्ट्यावर. शिस्त.

न्हाई, थांब, पुढं ऐक. गेलं संस्थेत. रांगेत हंबीररावकाका, ती समदी मंडळी. धनाजीनं दूध मापात घेतलं, मशीन लावलं. सहा पॉइंट सात.

आपली चंद्री, आक्का. चंद्रीची फॅट सातच्या खाली आलीया कवा? तू हितं हुतीस तवापास्नं सांग… न्हवं? गावात तात्यांची दोनच गोष्टींची ऐट हाय. एक पेन्शन आन् दुसरी चंद्रीची फॅट.

आता धनाजी गप बसंल? म्हणला, सुभेदार, काल लाईट न्हवती, पर नळाला पाणी हुतं वाटतं.

…हां. भरल्या रांगेत. तात्यांनी म्हणं परत मशीन लावाय लावलं. परत तेच. मशीनला नावं ठिवली, धनाजीच्या बापाला नावं ठिवली. शेवटाला मापातलं दूध उलटं किटलीत ओतून घेतलं, म्हणलं, माझं दूध विकायचंच न्हाई. आन् आलं माघारी.

घरात न्हाई आलं, थेट गोठ्यात. मी शेण काढत हुतो. चंद्रीपुढं हुभं राहून तिला विचारत्यात, तुला काय कमी केलं म्हणून. पेंड बघितली, हुंगली. म्हैस आपली रवंथ करतीया. मग रागाच्या भरात समदं दूध बादलीत ओतलं आन् बादली सारली रेडकापुढं.

…प्यालं की. तळ चाटला बादलीचा.

…काय?… दूधभाऊ? आक्का, तू लय वंगाळ हायस. राखीला प्रांजूनं रेडकाच्या शिंगाला राखी बांधायची व्हय?… न्हाई, शिंगं फुटायची हायत अजून त्याला. अगं हसू नगं, मला बी हसू येतंय आन् तात्या हिकडं बघत्यात…

जरा लांब आलो. हां, बोल… मला कळलं कवा? ही उठली, रडाय लागली, मी फ्रिज उघडला. किटली न्हाई. बघतोय तर कट्ट्यावर पालथी. म्हणलं तात्या, ह्यातलं दूध? म्हणलं, ते व्हय, घातलं की संस्थेच्या दुधात.

मग सांगितलं मी. दुसरं काय करणार. सरळ सांगितलं, कुणाचं दूध हुतं ते.

तात्या बाजेच्या कडंला टेकलं. असं बसलेलं मी त्यांना आजवर बघितलं न्हाई. मग म्हणलं, "म्हणजे धनाजीचं मशीन बरोबर हुतं."

…न्हाई, मी हसलो न्हाई. तिथं न्हाई हसलो.

पावडरचं केलं की. मेडिकलातनं आणलं, कोमट पाण्यात कालवलं. समदं माझ्या शर्टावर हाय. अजून वास मारतोय… म्हशीचं कसं देऊ? दवाखान्याची आशाताई दर खेपंला सांगून जाती, आईबिगर कुणाचं न्हाई म्हणून. सव्वापाच महिन्याची हाय ती.

आन् आक्का, एक येळ भुकी राहिली म्हणून मी एवढा घाबरलो नसतो. काल रातीचं तुला सांगितलंच न्हाई, माझी सुट्टी हुती, घरीच हुतो. संयोगिता ड्युटीवरनं आली, पाय सुजल्यालं, पर तोंडावर काय हसू. कोण सुट्ट्यावरनं भांडलं, कोण तिकीट हरवून बसलं, कुठल्या म्हातारीनं 'आमची कंडक्टर लेक परत आली' म्हणून पेरू दिला, समदं सांगत हुती. आन् सांगता सांगता प्रांजूला मांडीवर घेतलं. तात्या जेवत हुतं, त्यांच्यासमोरच म्हणली, माझ्या ड्युटीपायी ही एक दिस जरी उपाशी राहिली, तर मी बिल्ला डेपोत ठिवून येईन… व्हय, तात्यांकडं बघूनच म्हणली. ते भाकरी मोडत बसलं.

तो दिस दुसऱ्याच दिशी आला बघ. आन् आणला कुणी? त्यांनाच पायजे हुतं न्हवं तिनं घरी बसावं. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, मी सांगत हुतो.

तसं काय म्हणलंच न्हाईत. उठलं, टोपी घातली, माझ्याकडनं पोरगी घेतली, म्हणलं चल फाट्यावर. तवापास्नं हितं परेड चाललीया. मी म्हणलं मी घेतो, तर देईनात.

…काय बोलणार हायत तिला, मला काय ठाव? मलाच भ्या वाटतंय. ती एकदा बोलली की…

थांब. थांब आक्का, आली. ठिवू नगंस.

तात्या रस्त्याच्या मधी गेलं गं. हात वर केलाय… थांबली, थांबली. धुळा हाय गाडीवर, चांगला ड्रायव्हर हाय. दार उघडलं… संयोगितानं बघितलं. पांढरी पडली एकदम, तिला वाटलं असंल काय झालं पोरीला… तात्या चढलं. मी खिडकीखाली हाय. ऐकू येतंय का तुला?… बरं, मी सांगतो.

तात्या सावधानमधी हुभं हायत. गाडी भरलीया, बाजाराची माणसं… बोलाय लागलं… "चूक माझी हाय. तू किटलीत ठिवल्यालं दूध म्या संस्थेत नेलं. पोर उपाशी राहिली ती माझ्यापायी, तुझ्या ड्युटीपायी न्हवं. बिल्ला काढायचा न्हाई."

…तिनं पोरगी घेतली… तात्यांकडं बघतीया नुसती. काय तरी विचारलं तिनं. हळूच विचारलं… थांब, परत विचारती…

आक्का. ती म्हणती, "तात्या, फॅट किती लागली?"

…शपथ. …तात्या म्हणलं, "सहा पॉइंट सात." तशीच टाच जुळवून.

ऐक, ऐकू आलं? ती समदी गाडी हसतीया. संयोगिताच्या डोळ्यातनं पाणी, आन् हसती. तात्याबी… तात्या हसाय लागलं आक्का, टोपी काढून तोंडावर धरलीया.

बसली ती. घेतली पदराखाली… वढणी गं, खाकीवरची वढणी. एक म्हातारी उठून आडवी हुभी राहिलीया, लुगड्याचा पदर पसरून, आन् मागच्या पोरांना म्हणती, भाईर बघा, ऊस बघा, कधी बघितला न्हाई का. धुळा उतरला खाली. टायर बघतोय. एकच टायर बघतोय मघापास्नं, लाथा घालतोय त्याला… प्रांजूचं रडू थांबलं बघ. ऐक. कसं गप झालं.

…कुणी सुद्धा न्हाई बोललं उशीर झाला म्हणून.

आता काय, तात्या उतरंनात. म्हणत्यात, कराडपातूर येतो, पोट भरलं की मी धरतो हिला, येताना हितं उतरतो. तू तिकिटं फाड… हां, तिनं पयलं तिकीट त्यांचंच फाडलं. अर्धं. म्हणती, सासरा असला म्हणून फुकट न्हाई. त्यांनी खिशातनं सुट्टं काढून दिलं… उद्या? उद्याबी आणणार म्हणत्यात फाट्यावर, गाडी जाताना आन् येताना. आन् किटली आता दह्याच्या फुडं ठिवायची म्हणं. चंद्रीच्या गळ्यात हाय तसला काळा दोरा बांधणार हायत तिला, नजर लागू नये म्हणून.

थांब, खिडकीतनं हाक मारत्यात… काय तात्या?… व्हय… व्हय, सांगतो… पर काय म्हणून सांगू?…

…डबल बेल. त्यांनीच मारली दोरी वडून. गेली गाडी.

अगं ते म्हणत्यात, संस्थेत जा आन् धनाजीला सांग, चंद्रीची फॅट सातच्या वरच हाय. म्हणलं, मग सहा पॉइंट सात कशी आली ते काय सांगू? तर भरल्या गाडीतनं वरडून म्हणलं, "खरं हाय ते सांग. सुनंचं दूध हुतं म्हणावं. त्यात लाजायचं काय?"

…व्हय, आपलंच तात्या. तेच.

बरं, ठिवतो आता. धनाजीच यायला लागलाय हिकडं, गाडीला कॅन अडकवून… अगं सांगतो, सांगतो, रातच्याला फोन करतो. ठिव…

ये धनाजी. थांब रं गड्या, तुला एक सांगायचंय.