उघाडीवरची ओळ

आवडाबाई: मग खेकडा पण न्हाय?

शिवानी: नाही गं आत्या. काल पाणी मोजायची डबी उघडून बघितली. खेकडा नाही, कोळी नाही, शेवाळ नाही. सेन्सर दोनदा बदलून झाला. आता काय बदलू, खाडी?

आवडाबाई: चहा घे आधी.

शिवानी: ठेव तिथं.

आवडाबाई: तिथं ठेवलेला पहिला पण तिथंच हाय. साय धरलीय त्याच्यावर. पहाटे उठलीस ती त्या लॅपटॉपसमोर बसलीस. डोळे बघ, सुकत घातलेल्या बोंबलासारखे झालेत.

रावजी: बाय, माझी काठी कुठं हाय?

आवडाबाई: लपवली.

रावजी: मस्करी नको. आज अवस हाय. सव्वा बाराला पाणी पुरं भरतं.

आवडाबाई: मी पण ह्याच गावात जन्मले, रावजी. मला अवस नको सांगू. गुडघा बघ तुझा, शहाळ्याएवढा झालाय. मागच्या उधाणाला घसरलास तेव्हा दोघांनी उचलून आणला. दमलास म्हणून सांग एकदा, देते काठी.

रावजी: मी दमलो न्हाय.

आवडाबाई: मग काठी पण न्हाय.

शिवानी: बाबा, बस ना जरा. डबी आहे उघाडीवर, बांधाच्या दारापाशी. दर दहा सेकंदांनी पाणी मोजते, इथं माझ्याकडे पाठवते. तुला बांधावर जायला लागू नये म्हणूनच केलं ना हे सगळं.

रावजी: डबी गेल्या गुरुवारी पण होती.

आवडाबाई: झालं. टोच तिला.

रावजी: टोचत न्हाय. देवळावरचा भोंगा वाजला, शेतातलं काम टाकून लोक धावले. चाळीस माणसं. घमेली, फावडी, मातीच्या गोणी. आणि उघाडीशी पाणी किती, तर गुडघ्याच्या पण खाली. एक बगळा उभा होता तिथं. एवढी माणसं बघून तो पण उडाला न्हाय.

शिवानी: मी तेव्हा अलिबागला दुकानात होते. लोकांचे फॉर्म भरत होते. दीडशेच्या वर आकडा गेला की भोंगा आपोआप वाजतो. मी कुठं वाजवला?

रावजी: तुला कोण बोललं काय?

शिवानी: वरच्या आळीतला निकेत बोलला. तुमची डबी झोपेत बडबडते म्हणाला. दोन दिवस रिक्षातसुद्धा तेच. 'शिवानी, आज पाऊस पडंल का, डबीला विचार.'

रावजी: ते सोड. पण आज पाणी खरंच दीडशेच्या वर गेलं आणि भोंगा वाजला, तर कोण येणार? उघाडीचं दार जुनं झालंय. एका जागी गळायला लागलं की बांधाला खांड पडायला अर्धा तास पुरतो. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं भात न्हाय. सगळ्या गावाचं सांगतो, आपल्या एकट्याचं न्हाय. म्हणून मी जातो. माझ्या हाकेला लोक येतात अजून.

शिवानी: मग बंदच करते. भोंग्याची तार काढून टाकते आणि झोपते. सहा महिने झाले, आत्या. दुकानातून यायचं, जेवायचं, व्हिडिओ लावायचा. मी कॉमर्सची. मला पायथन म्हणजे काय ते पण माहीत नव्हतं. त्या व्हिडिओतला माणूस म्हणतो, किती सोपं आहे बघा. त्याच्या मागे भिंतीवर झाडं, एसी. त्याला काय जातंय.

आवडाबाई: मला सांग बघू, ती डबी करते काय नेमकं.

शिवानी: तुला काय सांगू आता.

आवडाबाई: मला जे कळंल ते सांग. न्हाय कळलं तर भाजी निवडते.

शिवानी: दोन प्रोग्राम आहेत. एक डबीत, एक इथं. इथला नुसता कान लावून बसतो. डबीतला त्याला हाक मारतो, हा 'ओ' देतो, मग दोघांमध्ये एक वाट उघडते. फोन लागतो तशी. त्या वाटेनं डबी आकडे सोडत राहते आणि हा घेत राहतो. वाट म्हणजे वायफाय. छपरावर तो ॲन्टेना लावलाय ना, तिथून थेट बांधापर्यंत.

आवडाबाई: म्हणजे एकानं सोडायचं, दुसऱ्यानं झेलायचं.

शिवानी: हो. आणि ह्याच टेबलावर पंधरा दिवस चाललं, एक चूक नाही. बोलणारा पण ह्याच लॅपटॉपमध्ये, ऐकणारा पण ह्याच. बांधावर नेलं आणि बिघडलं.

आवडाबाई: घरात सगळ्यांचंच गाणं चांगलं होतं. बरं, त्या दिवशी डबी काय बोलली? शब्दाला शब्द सांग.

शिवानी: दीडशेच्या वर बोलली.

आवडाबाई: ते तू सांगतेस. ती काय बोलली?

शिवानी: येईल ते फाईलमध्ये लिहून ठेवायला लावलं होतं मी. पण वाचलं नाही. सेन्सरच खराब म्हणून डबीच्याच मागे लागले. थांब. गुरुवार. साडेतीन. अडतीस. अडतीस. एकोणचाळीस. अडतीस. आणि हे बघ, तीन हजार नऊशे चाळीस.

आवडाबाई: काय, बोटं?

शिवानी: सेंटिमीटर. दोन माड एकावर एक उभे केले तरी बुडतील एवढं.

रावजी: बगळ्याला कळलं असतं तेवढं.

आवडाबाई: तू गप. वारा होता काय गुरुवारी?

शिवानी: होता. संध्याकाळी घरी आले तेव्हा पण छपरावरचा ॲन्टेना हलत होता. का?

आवडाबाई: न्हाय, मला चौलचं लगीन आठवलं. मी धवले म्हणायला गेले होते. वाडीत मांडव, समुद्राचा वारा, आणि पलीकडं बेंजो. माझा आवाज तेव्हाच बसायला लागला होता. मी ओळ सोडायची, मागनं मनुबाई आणि ठमीनं ती उचलायची. एवढी वर्षं केलं तिघींनी, कधी चुकलं न्हाय. त्या दिवशी मी म्हटलं, 'नवऱ्याला पाटावर बसवा गो.' मग म्हटलं, 'तिळाला घाण्यात घाला गो.' पण वाऱ्यानं मधलं खाल्लं. त्यांच्या कानावर सगळं अडकून अडकून, मग एकदम गेलं. आणि त्या दोघींनी सूर लावून म्हटलं, 'नवऱ्याला घाण्यात घाला गो.'

रावजी: नवरा उठून उभा राहिला होता पाटावरनं.

आवडाबाई: मनुबाई मला म्हणते, आमचा काय दोष? तुझा 'गो' ऐकू आला की आम्हाला कळतं, ओळ संपली, आता उचलायची. पहिला 'गो' आलाच न्हाय, म्हणून दोन्ही ओळी एकच समजून म्हटल्या.

शिवानी: आत्या, थांब.

आवडाबाई: थांबले. संपलंच ते.

शिवानी: तीन, नऊ, चार, शून्य. तीन हजार नऊशे चाळीस नाहीच हे. एकोणचाळीस. आणि चाळीस.

रावजी: म्हणजे?

शिवानी: वाऱ्यात वाट अडली. एकोणचाळीस अडकून राहिला, मागून चाळीस आला, आणि वाट मोकळी झाल्यावर दोघं चिकटून एकदम आले. मी त्यांना एकच आकडा समजले. डबी खरं बोलत होती बाबा. दोन्ही वेळा खरं. मीच तिला आकडा संपल्याची खूण लावायला शिकवलं नाही. टेबलावर वारा नव्हता म्हणून कळलं नाही.

आवडाबाई: म्हणजे तिला 'गो' दिला न्हायस.

शिवानी: नाही दिला. आणि इकडे ऐकणाऱ्याला पण सांगितलं नाही, की खूण येईपर्यंत थांब. जे हातात पडेल तो आकडा, असं चाललं होतं त्याचं.

रावजी: हातात अर्धाच पडला तर?

शिवानी: काय?

रावजी: दोन चिकटतात, तसा एक तुटला तर? एकशे साठ पाणी हाय. सोळा आला आणि शून्य मागं राहिला. मग?

शिवानी: मग त्यानं सोळा वाचलं असतं. मग शून्य.

रावजी: आणि भोंगा?

शिवानी: वाजला नसता.

आवडाबाई: आणि पाणी शेतात.

रावजी: किती वेळ लागंल तुला?

शिवानी: लिहायला चार ओळी. डबीतला प्रोग्राम इथूनच बदलता येतो. पण बाबा, मी सहा महिने हेच बरोबर समजत होते. आता परत 'बरोबर आहे' कोणत्या तोंडानं सांगू?

रावजी: तू सांगू नको. मी बघतो. उघाडीच्या दगडावर पट्टी रंगवलीय तुझ्याच हातानं. मी पट्टी वाचतो, तू इथं वाच. निकेतला बोलाव, बाईकवर बसवून बांधापर्यंत नेईल. चालत जात न्हाय मी. बाय, आता तरी काठी दे.

आवडाबाई: तांदळाच्या पिंपामागं हाय.

(बारा वाजत आलेले. रावजी उघाडीवर, निकेत त्याच्यासोबत. घरात लॅपटॉपशेजारी फोन स्पीकरवर ठेवलेला.)

शिवानी: बाबा, ऐकू येतंय?

रावजी: वारा हाय. बोल.

शिवानी: पट्टी वाच.

रावजी: एकशे... पंचवीस... सव्वीस...

शिवानी: कुठला? पंचवीस का सव्वीस?

रावजी: पंचवीस होता, तू बोललीस तोवर सव्व... एकशे... सत्ता...

शिवानी: बाबा, तुटतंय. सगळं एकात एक होतंय.

आवडाबाई: रावजी, आकडा संपला की 'गो' म्हण.

रावजी: काय म्हण?

आवडाबाई: 'गो'. तुझा 'गो' येईपर्यंत पोरगी थांबंल.

रावजी: निकेत उभा हाय हितं.

आवडाबाई: त्याला पण म्हणायला लाव.

रावजी: एकशे अठ्ठावीस गो.

शिवानी: एकशे अठ्ठावीस. बरोबर.

रावजी: हा हसतोय बाजूला.

शिवानी: हसू दे. पुढचा.

रावजी: एकशे तेहतीस गो.

शिवानी: तेहतीस. बाबा, आता तू मुद्दाम दगडाच्या मागं उभा राहा, वाऱ्याला. फोन हलव. वाट अडली की काय होतं ते बघायचंय.

रावजी: डबी फोनमधनं बोलते काय?

शिवानी: नाही, चुकलंच माझं. ॲन्टेनाची तारच हलवते मी. हां, अडलं. काहीच येत नाहीये. आता सोडते. आले, एकदम तीन आले. एकशे छत्तीस, एकशे छत्तीस, एकशे सदतीस. वेगळे वेगळे आले, बाबा.

रावजी: एकशे सदतीस गो. बरोबर हाय.

आवडाबाई: रडतेस कशाला?

शिवानी: रडत नाही. डोळे चुरचुरतात.

रावजी: एकशे त्रेचाळीस गो. दार कुरकुरतंय. पण गळत न्हाय.

शिवानी: त्रेचाळीस.

रावजी: शेहेचाळीस गो. शिवानी, निकेत हसायचा थांबला. गोणी आणतोय बाईकवरच्या.

शिवानी: एकशे शेहेचाळीस.

रावजी: सत्तेचाळीस गो.

शिवानी: सत्तेचाळीस. परत सत्तेचाळीस. बाबा?

रावजी: सत्तेचाळीस गो. थांब आता. पाणी विचार करतंय.

आवडाबाई: 'खाडीबाय, पाऊल हळू टाक गो. मातीचा बांध, त्याला हात नको लावू गो. आलीस तशी बस, पाणी पी गो. भावाचं भात पोटरीत हाय, मागं फिर गो.'

शिवानी: हा कुठला धवला?

आवडाबाई: आत्ताचा. आवाज न्हाय राहिला, पण ओळी येतात अजून.

रावजी: सत्तेचाळीस गो.

शिवानी: इथं शेहेचाळीस आला.

रावजी: पट्टीवर सत्तेचाळीस दिसतो मला. थांब, निकेत वाकतोय. शेहेचाळीस म्हणतो. ओली रेघ वर, पाणी खाली. माझी नजर चुकली. तुझी डबी माझ्या आधी बोलली.

शिवानी: म्हणजे ओहोटी लागली?

रावजी: लागली. पंचेचाळीस गो.

शिवानी: पंचेचाळीस.

रावजी: रात्री परत भरंल. तेव्हा पण अशीच बोलंल ती?

शिवानी: बोलेल. आणि दीडशे झालं तर भोंगा वाजेल.

रावजी: निकेत म्हणतो, रात्री भोंगा वाजला तर तो येईल. वरच्या आळीतल्यांना पण सांगतो म्हणाला, आज आपण स्वतः आकडे जुळवून बघितले म्हणून. मग मी येत न्हाय रात्री. घरीच राहतो.

शिवानी: खरंच?

रावजी: काठी हितं उघाडीवर ठेवतो. ज्याला लागंल तो घेईल.

आवडाबाई: काठी घेऊन ये, रावजी. घरात चालायला लागंल.

रावजी: बरं.

शिवानी: बाबा, फोन ठेवू? का अजून काही आहे?

रावजी: हाय.

शिवानी: बोल ना. थांबलेय मी.

रावजी: दमलो गो.