चिपवर लावलेलं गाडीचं ग्रीस

मी मूळची अंबाजोगाईकडची. लग्न होऊन कासारवाडीला आले, मग चाकणला एका कंपनीत वायरी जोडायच्या लाइनवर लागले, ती लाइन बंद झाली तेव्हा घरी बसून काय करायचं म्हणून लॅपटॉप दुरुस्ती शिकले. नवरा म्हणाला, बाईकडं कोण लॅपटॉप देईल? म्हणलं, बंद पडला की देतील. दिले. आता आकुर्डीत कॉलेजांजवळ दुकान आहे माझं, पोरं गेमिंगचे लॅपटॉप आणतात, तापतोय म्हणतात, आणि काय सांगू तुम्हाला, निम्मे गादीवर ठेवून वापरलेले असतात, खालची हवा घ्यायची भोकंच बंद, मग तापेल नाहीतर काय.

तर निलोफर आली, आमच्या कासारवाडीच्या रशीदभाईंची मुलगी, त्यांचं गाड्यांचं गॅरेज आहे. ती गेम खेळायची नाही, मशीनच्या पार्टांची डिझाइनं करायची, त्यालाही असलाच दणकट लॅपटॉप लागतो. चाकणच्या एका कंपनीनं नोकरीआधी परीक्षा म्हणून डिझाइन करायला दिलेलं, संध्याकाळपर्यंत पाठवायचं, आणि काम सुरू केलं की लॅपटॉप बंद. म्हणाली, काकू, आधी नुसता गरम व्हायचा, अब्बांनी साफ करून दिला, तेव्हापासून बंदच पडतोय. रशीदभाई मागं उभे, म्हणाले, मालच खराब आहे, ताई.

मी खालचं झाकण काढलं. धूळ कुठंच नाही, गॅरेजच्या कंप्रेसरनं हवा मारून सगळं चकाचक, पण त्याच हवेनं दोनपैकी एका पंख्याची पाती तुटलेली. उष्णता बाहेर नेणारी तांब्याची नळी उचलली तर खाली चिपवर पातळ होऊन पसरलेलं, गाडीच्या बेअरिंगचं ग्रीस. तिथं उष्णता ओढून घेणारी वेगळी पेस्ट लागते, तीही चिमूटभर. मी रशीदभाईंकडं पाहिलं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, ताई, तिला सांगू नका, परत कशाला हात लावू देणार नाही मला. म्हणलं, भाई, मी तुमच्या इंजिनात खोबरेल तेल घालते का? तुम्ही सांगा, नाहीतर पुढच्या वेळी ती पुन्हा तुमच्याकडंच देईल.

त्यांनी सांगितलं. पोरगी चिडली नाही, रडली नाही, मला म्हणाली, काकू, आज चालेल का? म्हणलं, नवीन पंखा लगेच मिळणार नाही, पेस्ट लावून देते, खालचं झाकण उघडंच ठेव, बाहेरून वारा घालावा लागेल. ती म्हणाली, अब्बा, टेबलफॅन आणा.

माझ्याच दुकानात बसून तिनं काम केलं. रशीदभाई फॅन धरून उभे, डोळे स्क्रीनवरच्या तापमानाच्या आकड्यावर, तो चढला की ओरडायचे, बस कर बेटा, इंजिन थंड होऊ दे. दिवेलागणीच्या आत डिझाइन गेलं.

नोकरी लागली तिला, कंपनीनं लॅपटॉपही दिला. जुना तिनं अब्बांना दिला, आता तेच त्यावर गाड्यांच्या शर्यती खेळतात आणि तापला की न उघडता माझ्याकडं आणतात. सुखी राहोत, आणि स्क्रू-ड्रायव्हर गाड्यांनाच लावोत, एवढंच माझं म्हणणं.